विश्लेषण : टोरेंटचा तुकडा जवळूनच का मिळत नाही?

एकाच सर्व्हरवरून लाखो जणांनी मोठी फाइल डाउनलोड केली, तर सर्व्हर कोलमडतो. ब्रॅम कोहेन यांनी २००१ मध्ये आणलेल्या बिटटोरेंटने ही अडचण सोडवली. यात फाइलचे तुकडे होतात आणि डाउनलोड करणारेच ते एकमेकांना देतात. दुर्मीळ तुकड्याला आणि देणाऱ्याला प्राधान्य मिळते.

मग अडचण कुठे?

मूळ पद्धतीत जोडीदार निवडताना अंतर पाहिले जात नाही. शेजारच्या इमारतीत असलेला तुकडा परदेशातून येऊ शकतो आणि इंटरनेट कंपनीचा खर्च वाढतो. अमेरिकेत कॉमकास्टने ही वाहतूक अडवली. २००८ मध्ये तेथील दूरसंचार आयोगाने कंपनीवर ठपका ठेवला. २०१० मध्ये न्यायालयाने तो आदेश रद्द केला.

उपाय काय?

लाइनवर ताण येताच आपणहून वेग कमी करणारी ‘लेडबॅट’ पद्धत २०१२ मध्ये, तर जवळचा जोडीदार निवडण्यास मदत करणारा ‘आल्टो’ प्रोटोकॉल २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. ‘आल्टो’साठी मात्र कंपनीने आपल्या नेटवर्कची माहिती द्यावी लागते आणि वापरकर्त्यांनी तिच्यावर विश्वास ठेवावा लागतो. तंत्र तयार आहे. खरी कसोटी या विश्वासाची आहे.