गळती आवळून थांबत नाही, शोधून थांबते



आज पिकावर नाही, ट्रॅक्टरच्या तेलगळतीवर लिहितोय. मागच्या पंधरवड्यात आमच्या गल्लीतल्या दोघांनी गिअरबॉक्सची गळती काढायला पैसे घातले आणि दोघांच्याही ट्रॅक्टरखाली अजून थेंब पडतोच आहे. मी स्वतः दीड वर्ष हेच केलंय, म्हणून बोलायचा हक्क आहे असं समजतो.

माझं मत सरळ आहे. गिअरबॉक्सच्या कव्हरची गळती घरी काढावी. मिस्त्री वाईट असतात असं नाही. ही गळती शोधायला दोन दिवस लागतात आणि कव्हर बसवायला दोन तास. आपण मिस्त्रीला बसवायचे पैसे देतो, शोधायचे कोणी देत नाही. हंगामात त्याच्या दारात पाच ट्रॅक्टर उभे असतात. तो पॅकिंग बदलणार, बोल्ट आवळणार आणि पुढच्याला लागणार. त्याच्या जागी आपण असतो तर तेच केलं असतं. पण दोन दिवस ट्रॅक्टरखाली डोकं घालायला आपल्याला वेळ काढता येतो, आणि तेल आपलं जातंय.

आमच्या ट्रॅक्टरला गिअरबॉक्सच्या पोटाखाली दहा बोल्टचं पत्र्याचं कव्हर आहे. सगळ्यांना असं नसतं, काहींना बाजूला असतं. तिथनं तेल ठिबकायला लागलं. पॅकिंग बदललं. दोन महिने बरं चाललं, परत थेंब. परत पॅकिंग, या वेळी सिलिकॉन भरपूर लावलं आणि बोल्ट पाइप घालून आवळले. तीन आठवड्यांत परत थेंब. तिसऱ्यांदा पण तेच. प्रत्येक वेळी तेल काढा, गाळा, परत भरा.

"थेंबच आहे, काय होतंय" असं मी पण म्हणायचो. मग एकदा हिशोब घातला. दहा सेकंदाला एक थेंब म्हणजे तासाला ३६० थेंब. वीस थेंबांचा एक मिली धरला तर तासाला १८ मिली. दिवसाला दहा तास काम धरा, आठवड्याला सव्वा लिटर झालं. आम्ही वरनं तेल टाकत राहिलो आणि एकदा टाकायचं राहिलं. ऊसतोडीच्या दिवसात लिफ्ट झटके देत वर यायला लागली. काडी काढून बघितली तर तेल खालच्या खुणेच्या पण खाली. आताच्या बऱ्याच ट्रॅक्टरला गिअर, लिफ्ट आणि ब्रेक तिन्ही एकाच तेलात असतात. मागं उसाची भरलेली ट्रॉली आणि पुढं उतार, तेव्हा ब्रेक कुठल्या तेलात बसलेत ते आठवा. त्या दिवशी "थेंबच आहे" म्हणायचं मी सोडलं.

गळती शेवटी सापडली ती थोरल्या पोरामुळं. तो म्हणाला, "आण्णा, रात्रभर उभा असला की खाली एक थेंब नसतो. रोटाव्हेटर मारून आला की धार लागते. पॅकिंग फाटलं असतं तर उभ्यानं पण गळलं असतं." मी म्हणालो, तेल तापलं की पातळ होतं, म्हणून गळतं. खोटं नव्हतं ते, पण पुरतं खरं पण नव्हतं.

गिअरबॉक्सला श्वास घ्यायला एक ब्रीदर असतो. कुठं वरच्या अंगाला छोटी टोपी असते, कुठं तेल टाकायच्या बुचातच भोक असतं. गिअरबॉक्स तापला की आतली हवा फुगते आणि तिथनं बाहेर जाते. आमचा ब्रीदर धूळ आणि तेल मिळून डांबरासारखा बसला होता. हवेला वाट नाही, मग ती तेलाला ढकलते, आणि तेल जिथं कच्चं असेल तिथनं निघतं. तपासायला सोपं आहे. तासभर काम करून या, ट्रॅक्टर बंद करा, तेल टाकायचं बूच सावकाश ढिलं करा. तोंड लांब ठेवा, तेल गरम असतं. फुस्स करून हवा निघाली तर ब्रीदर बंद आहे. डिझेलनं धुवा, वाळवा, परत लावा. पैसा लागत नाही.

आमची गळती यानं निम्मी झाली, थांबली नाही. म्हणजे कारण एक नव्हतं. मग आम्ही शोधायला लागलो. क्रम सांगतो, हाच धरा.

१) आधी धुवा. पोटाखालची सगळी माती आणि चिकटा डिझेल आणि ब्रशनं काढा, कोरडं पुसा. मग अंगाला लावायची पावडर कव्हरवर आणि वरपर्यंत फुंका. अर्धा तास चालवा आणि बॅटरी घेऊन बघा. पांढऱ्यावर तेलाची रेघ लगेच दिसते. रेघ जिथनं सुरू होते ती गळतीची जागा. थेंब पडतो ती जागा नव्हे. तेल वरनं पाइपच्या जोडातनं येतं, कव्हरवरनं ओघळतं आणि आपण कव्हर खोलतो.

२) तेलाचा रंग बघा. काळं असेल तर बहुतेक इंजिनचं, पिवळसर मधासारखं असेल तर गिअरबॉक्स नाहीतर हायड्रॉलिकचं. दुधासारखं असेल तर आत पाणी गेलंय, चिखलणी केलेल्यांनी हे जरूर बघावं.

३) पातळी बघा. सपाट जागा, अवजार जमिनीवर, मग काडी. वरच्या खुणेच्या वर तेल असेल तर जास्तीचं तेल पण गळतीच देतं. "थोडं जास्त असू दे" हे इथं चालत नाही.

४) मग कव्हर खोला. आमचं कव्हर फरशीवर ठेवलं तर चारी कोपरे टेकेनात. पाइप घालून आवळल्यामुळं प्रत्येक बोल्टच्या भोकाजवळ पत्रा आत ओढला गेला होता आणि दोन बोल्टच्या मधे उचलला होता. असं कव्हर जेवढं आवळाल तेवढं मधनं जास्त गळणार. जाड लोखंडी पट्टीवर पालथं ठेवून गोल डोक्याच्या हातोडीनं भोकांच्या कडा हळूहळू ठोकून सपाट केल्या. फरशीवर ठेवून कागद सरकतो का ते बघत गेलो. तास गेला, पण खरी दुरुस्ती हीच होती.

५) बोल्ट बघा. आमच्या दहापैकी दोन बोल्टची भोकं आरपार आत उघडत होती. तेल पॅकिंगमधनं नाही, बोल्टच्या आट्यातनं येत होतं. तीन वेळा पॅकिंग बदलून ते कसं थांबणार? त्या दोघांचे आटे पेट्रोलनं पुसून कोरडे केले, थ्रेड सीलंट लावला आणि खाली तांब्याचे वायसर टाकले. जुना तांब्याचा वायसर लाल होईपर्यंत तापवून पाण्यात टाकला की परत नरम होतो. पोलादाचं उलट, ते कडक होतं. नळाची पांढरी टेप मात्र लावू नका, तिचे तुकडे जाळीत जातात.

६) बसवताना जुनं पॅकिंग खरवडून साफ करा, पण छिन्नीनं बीडाला ओरखडा पाडू नका. सिलिकॉन लावायचं तर बारीक एकच रेघ, भोकांच्या आतल्या बाजूनं. जास्तीचं आत पिळून पडतं आणि जाळी बंद करतं. बोल्ट आधी हातानं, मग समोरासमोरचे, थोडे थोडे करून. पुस्तकात टॉर्क दिलेला असतो, तेवढाच. टॉर्क पाना नसेल तर छोटा पाना घ्या, पाइप घालू नका. सिलिकॉनला एक रात्र द्या, लगेच तेल भरू नका.

हे करून आम्हाला दीड वर्ष होत आलं. खाली पुठ्ठा टाकून ठेवलाय, कोरडा आहे.

आता घरी काय करू नये ते पण सांगतो, नाहीतर म्हणाल आण्णानं ट्रॅक्टर मोडायला लावला. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधल्या घराच्या तळाच्या भोकातनं तेल येत असेल तर आतलं ऑइल सील गेलंय. त्याला ट्रॅक्टर मधनं फोडावा लागतो, ते मिस्त्रीचं काम. काढलेल्या तेलात चकाकणारे तुकडे आले तर कव्हर लावून गप्प बसू नका, आत काहीतरी तुटतंय. वॉरंटीत असेल तर हात लावू नका. आणि नुसत्या जॅकवर भरवसा ठेवून खाली कधीच शिरू नका. चाकांना पुढनं मागनं दगड, अवजार खाली, लाकडी ठोकळे, बॅटरीची तार काढलेली. आणि गळती बंद करायची म्हणून बाटलीतलं औषध गिअरबॉक्सात ओतू नका. ज्या तेलात ब्रेक बुडालेत त्यात काहीबाही मिसळायचं नसतं. तेल पण पुस्तकात सांगितलेलंच टाका.

काढलेलं तेल बांधावर ओतू नका आणि विहिरीजवळ तर नकोच. डब्यात भरून जुनं तेल घेणाऱ्या परवानाधारकाला द्या. वर्षभर शेणखत घालून जमीन जपायची आणि तिच्यावरच काळं तेल ओतायचं, याला काय अर्थ आहे?

कृषीवाले आपल्याला नेहमी सांगतात, पान पिवळं दिसलं की लगेच युरिया मारू नका, आधी मुळी उपटून बघा. त्यांचं बरोबर आहे. पण आपण पिकाला जे शिकलो ते मशिनला लावत नाही. थेंब दिसला की पाना घेतो. माझं तीन वेळचं पॅकिंग आणि दीड वर्षाचं तेल असंच गेलं.

रब्बीची पेरणी तोंडावर आहे. त्याआधी एक दिवस काढा, ट्रॅक्टर धुवा, पावडर मारा आणि ब्रीदर बघा. पाना नंतर.