धुराचा अंदाज शहराला, ठपका शेतकऱ्याला



पुण्यात पाषाणला भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्था आहे. तिथले शास्त्रज्ञ संगणकावर हवामानाचे गणित मांडतात. वारा कुठून येणार, ऊन किती पडणार, रात्री गार हवा धुराला किती खाली दाबून धरणार, हे सारे त्यात येते. मग गाड्या, कारखाने, चुली आणि शेतातल्या आगी यांच्या धुराचा हिशेब त्यात घालतात. आजचा धूर उद्या-परवा कोणाच्या डोक्यावर जाऊन बसणार, याचा अंदाज त्यातून निघतो.

या शास्त्राशी आमचे भांडण नाही. पावसाचा अंदाज हवा, तसा धुराचाही हवा. हा अंदाज कोणासाठी काढतात आणि कोणाविरुद्ध वापरतात, एवढाच आमचा सवाल आहे.

या संस्थेची 'सफर' यंत्रणा 2010 साली दिल्लीत सुरू झाली. निमित्त काय, तर राष्ट्रकुल खेळ! पाहुण्यांना धाप लागू नये, ही काळजी. मग 2013 साली पुणे, 2015 साली मुंबई, 2017 साली अहमदाबाद. झाली यादी. त्यात बारामती नाही, इंदापूर नाही. छाती काय फक्त शहरातल्या माणसालाच असते?

दिल्लीत पुढे काय झाले, ते नीट ऐका. 2021 पासून तिथे कोणत्या जिल्ह्याचा, कोणत्या कारणाचा धूर किती, याचेही अंदाज निघू लागले. त्यात दिल्लीच्या गाड्यांचाही वाटा दिसतो. पण हवा बिघडली की मोटारींवर चार दिवस निर्बंध येतात आणि हवा निवळली की उठतात. भाताचा पेंढा जाळणाऱ्या शेतकऱ्याचा दंड मात्र नोव्हेंबर 2024 मध्ये थेट दुप्पट झाला. दोन एकरांपर्यंत 5,000, दोन ते पाच एकरांना 10,000 आणि त्यावर 30,000 रुपये! भात निघाल्यावर गहू पेरायला हातात किती दिवस उरतात, पेंढा काढायला डिझेल किती लागते, भाताच्या भावात तो खर्च बसतो का, हे कोणत्या संगणकात घातले?

पंजाबचे दुखणे, आपल्याला काय, असे म्हणू नका. आपण जिराईतवाले. ज्वारीचा कडबा जनावरांना, पऱ्हाट्या चुलीला, धसकटे सरपणाला. जाळायला आपल्याकडे उरतेच काय? पण उपग्रहाला उघड्या रानातली आग ठिपक्यासारखी दिसते. महामार्गावरच्या हजारो गाड्यांचा धूर तसा ठिपका होऊन दिसत नाही. जो दिसतो तो आरोपी, हा न्याय आपल्याकडे यायला वेळ लागणार नाही.

आणि आपले जे नुकसान होते, त्याचे काय? गाड्यांच्या आणि कारखान्यांच्या धुरातील वायूंवर ऊन पडले की जमिनीलगत ओझोन तयार होतो. तो डोळ्यांना दिसत नाही. वाऱ्याबरोबर तो शहर सोडून रानात येतो, पानांच्या छिद्रांतून आत शिरतो, पान लवकर पिकवतो आणि उतारा घटवतो. आपण रोग समजून फवारणीचा खर्च करत बसतो. याच संस्थेच्या सचिन घुडे आणि सहकाऱ्यांनी 2014 साली अशाच गणितातून देशभरचा जिल्हावार हिशेब मांडला. एकट्या गव्हाचे नुकसान सुमारे 35 लाख टन, भाताचे 21 लाख टन. त्यात कापूसही होता. ज्वारी नव्हती! हा हिशेब कोणत्या तलाठ्याने तुमच्या चावडीवर वाचून दाखवला? पिकाचे नुकसान म्हणून त्याची भरपाई कोणाला मिळाली?

2024 साली पुण्यात 'अर्का' हा महासंगणक आला. मे 2025 मध्ये सहा किलोमीटरच्या चौकटीत अंदाज देणारी भारत फोरकास्ट यंत्रणा सुरू झाली. म्हणजे मोजायची ताकद आहे. आणि त्याच 2024 साली देशभरातील कृषी विज्ञान केंद्रांतले 199 जिल्हा कृषी-हवामान कक्ष बंद करण्याचा हुकूमही निघाला. यंत्र वाढले, त्याचे बोलणे शेतकऱ्याला समजावून सांगणारा माणूस गेला. इंडियाला महासंगणक, भारताला टाळे!

म्हणून जिल्हा बैठकीत आम्ही हा ठराव मांडत आहोत. बारामती-इंदापूरच्या जिराईत गावांत हवा मोजणारी यंत्रे बसवा आणि धुराचा अंदाज मराठीत, रोज द्या. गाळप हंगामातली धुराडी, पुणे-सोलापूर महामार्ग आणि पुणे शहर यांचा वाटा शेतातल्या आगीशेजारी त्याच कागदावर छापा. कापूस आणि ज्वारी यांचे धुराने किती नुकसान होते ते दर हंगामाला जाहीर करा. तोवर नुसत्या ठिपक्यावरून एकाही शेतकऱ्याला नोटीस नको.

पावसाळ्यात वारा पुण्याकडून आपल्याकडे येतो, हिवाळ्यात तो फिरतो. वारा कोणाचा पक्ष घेत नाही. त्याचा हिशेब ठेवणाऱ्यांनीही घेऊ नये.