रोजची भाकर आणि मूळ ग्रीक

पिंपरी-चिंचवड ते चाकण पट्ट्यातला, उद्याच्या कामाची हमी नसलेला कंत्राटी कामगार येशूच्या प्रार्थनेतली ‘रोजची भाकर’ मागतो, तेव्हा मूळ ग्रीक शब्द ‘एपिऊसिओस’ महत्त्वाचा ठरतो. नव्या करारात तो फक्त मत्तय ६:११ आणि लूक ११:३ इथे येतो. आजची, गरजेपुरती की येणाऱ्या दिवसाची, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. साध्या भाविकाला ग्रीक कशाला, असा आक्षेप येईल. पण जेरोमच्या लॅटिन बायबलातही या एकाच शब्दाला दोन ठिकाणी दोन प्रतिशब्द आहेत, म्हणजे केवळ भाषांतरावर विसंबून भागत नाही. पंडिता रमाबाईंनी पुणे जिल्ह्यातच, केडगावात, मूळ हिब्रू-ग्रीकवरून अख्खे बायबल सोप्या मराठीत आणले, ते सामान्यांसाठीच. मूळ पाहिल्याने श्रद्धा डळमळत नाही. अर्थावरची मक्तेदारी मोडते. म्हणून मंडळ्यांनी कामगारांसाठीही ग्रीकचे अभ्यासवर्ग सुरू करावेत.