कोट शिवलात, आता कॅज्युअल्टीच्या दारात उभे राहा!

गेल्या पावसाळ्यात वस्तीतल्या एका सफाई कामगार ताईच्या नवऱ्याला रात्री दोन वाजता ट्रस्टच्या मोठ्या रुग्णालयात नेलं. काउंटरवर एकच उत्तर: "आधी पन्नास हजार डिपॉझिट." मी लॉ करणाऱ्या आपल्या चार पोरांना फोन लावले. तिघांनी उचलले, पण एकालाही काही सांगता आलं नाही. खरं सांगतो, मलाही तेव्हा माहीत नव्हतं. ताईने व्याजाने पैसे उभे केले. माणूस वाचला, कर्ज अजून फिटतंय.

कायदा मात्र होता. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा, १९५०, कलम ४१ एए. त्याखाली उच्च न्यायालयाने २००६ साली मंजूर केलेल्या योजनेप्रमाणे धर्मादाय रुग्णालयाने १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या. तातडीच्या रुग्णाला डिपॉझिट न मागता आधी दाखल करायचं. यासाठी बिलांच्या रकमेतून २ टक्के निधीही बाजूला काढायचा.

मग अडलं कुठे? बोले ठराव १९२३ साली मंजूर झाला होता, तरी चवदार तळं खुलं झालं नाही. त्यासाठी १९२७ ला बाबासाहेबांना महाडला चालत जावं लागलं आणि पुढे १९३७ पर्यंत कोर्टात भांडावं लागलं. कागदावरचा हक्क कुणीतरी पायांनी चालवावा लागतो. रुग्णालयाचा काउंटर हे आजचं चवदार तळं आहे.

बार कौन्सिलच्या नियमांनुसार तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान १२ आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात २० आठवडे इंटर्नशिप करावी लागते. स्वयंसेवी संस्थेतही ती करता येते. आपले किती जण ती खरोखर करतात आणि किती जण ओळखीच्या वकिलाचा सही-शिक्का आणतात? कॉलेज मूट कोर्टात परमानंद कटारा (१९८९) पाठ करून घेतं, पण रुग्णालयाची पायरी चढायला लावत नाही.

"आम्हाला अजून सनद नाही," हे उत्तर मला नेहमी मिळतं. कोर्टात उभं राहायला सनद लागते, अर्ज लिहायला नाही. उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड जमवून रुग्णालयातल्या समाजसेवा अधिकाऱ्याकडे अर्ज द्या. नकार मिळाला तर तो लेखी मागा. धर्मादाय आयुक्तांकडे तक्रार करा. कुठल्या रुग्णालयाने किती निर्धनांवर उपचार केले, हे माहिती अधिकारात विचारा. प्रकरण कोर्टात गेलं तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण गाठा. १९८७ च्या कायद्याच्या कलम १२ प्रमाणे अनुसूचित जाती-जमातींना उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील मिळतो.

असे दहा अर्ज ज्याने हाताने लिहिले, त्याला आरोग्य कायदा वेगळा शिकवावा लागत नाही.

१४ एप्रिलला काळ्या कोटात फोटो जरूर काढा. पण त्याआधी आपल्या विहारात आठवड्यातून एक संध्याकाळ टेबल मांडा आणि वस्तीला तुमचा नंबर द्या. रात्री दोनला फोन वाजेल. उचला, आणि यावेळी उत्तर तयार ठेवा.

जय भीम!