हा दाखला कुठे चालतो?

1875 साली दापोली तालुक्यातल्या मुरूडचा एक मुलगा सहावीच्या मुलकी परीक्षेसाठी सह्याद्री ओलांडून साताऱ्याला चालत गेला. वाट शंभर मैलांहून जास्त होती. परीक्षेला वय 17 लागे आणि ते त्याचे पुरे झाले होते. पण समितीच्या प्रमुखांना तो तेवढा दिसला नाही, म्हणून त्याला बसूच दिले नाही. आल्या पावली तो घाट उतरून घरी आला. पुढच्या वर्षी कोल्हापुरात हीच परीक्षा तो उत्तीर्ण झाला. हा मुलगा म्हणजे धोंडो केशव कर्वे.

पुढे 1916 मध्ये याच कर्व्यांनी महिला विद्यापीठ काढले, मराठीतून शिकवले आणि मुलींना ‘गृहीतागमा’ ही पदवी दिली. अभ्यास खरा होता, परीक्षाही खऱ्या होत्या. सरकारदरबारी मात्र त्या पदवीला मोल नव्हते. रीतसर मान्यता आली 1951 मध्ये. तेव्हा कर्वे 93 वर्षांचे होते. शिकून झालेल्या बाईला तिच्या शिक्षणाचा कागद चालवून दाखवायला 35 वर्षे लागली. कर्व्यांच्या रत्नागिरी जिल्ह्याला हा इतिहास परका नाही, म्हणूनच यंदाच्या दिवाळी अंकाची सुरुवात अशाच एका कागदापासून करणे योग्य वाटते.

‘उल्लास – नवभारत साक्षरता कार्यक्रम’ 2022 मध्ये सुरू झाला. त्यात 15 वर्षांवरच्या निरक्षरांना स्वयंसेवक शिकवतात आणि मग परीक्षा होते: वाचन, लेखन, संख्याज्ञान, प्रत्येकी 50 गुण, एकूण 150. महाराष्ट्रात ती 17 मार्च 2024 रोजी झाली, पुन्हा 23 मार्च 2025 रोजी. नातवंडांच्या शाळेतल्या बाकावर बसून आज्यांनी पेपर सोडवल्याची छायाचित्रे तेव्हा वर्तमानपत्रांत छापून आली. छायाचित्रांचे कौतुक करावे तेवढे थोडे. पण आपल्याकडे प्रौढ शिक्षणाची बातमी बहुधा तेवढ्यावरच संपते. उत्तीर्ण झालेल्यांना राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचे प्रमाणपत्र मिळते. ते घरी येते, प्लॅस्टिकच्या पिशवीत रेशनकार्डाशेजारी जाऊन बसते. त्याचा पुढे उपयोग काय, हे सांगायला कुणी येत नाही.

उपयोग व्हायचा तर नियमांत त्याला जागा हवी. आपले नियम चालतात इयत्तेवर. कोतवालपदासाठी चौथी उत्तीर्ण लागते. दहावीला बाहेरून बसायचे, म्हणजे ज्याला सगळे ‘सतरा नंबरचा फॉर्म’ म्हणतात तो भरायचा, तर पाचवी उत्तीर्ण असावे लागते आणि शाळा सोडल्याचा दाखला जोडावा लागतो. जी बाई शाळेत गेलीच नाही, तिने शाळा सोडल्याचा दाखला कुठून आणावा? साक्षरतेच्या प्रमाणपत्रावर चौथी किंवा पाचवी पास असे लिहिलेले नसते, आणि खिडकीमागच्या कारकुनाला तर नेमके तेच वाचायचे असते. त्याला दोष देऊन उपयोग नाही; त्याच्यापुढच्या परिपत्रकात रकानाच तेवढा आहे.

ग्रामपंचायतीचे उदाहरण तर आणखी बोलके. महाराष्ट्रात 1 जानेवारी 1995 नंतर जन्मलेल्या व्यक्तीला निवडणूक लढवायची तर सातवी उत्तीर्ण किंवा समतुल्य अर्हता हवी. कायद्याने समतुल्यतेची वाट मोकळी ठेवली आहे. पण त्या वाटेने यायचे कसे, हे सांगणारा साधा तक्ता गावात कुठे लावलेला दिसतो का? चव्हाट्यावर नाही, पंचायतीच्या फळ्यावरही नाही.

वाटा अजिबात नाहीत असे नाही. राज्याच्या मुक्त विद्यालय मंडळात 10 वर्षे पूर्ण झालेल्याला पाचवीच्या आणि 13 पूर्ण झालेल्याला आठवीच्या परीक्षेला बसता येते. राष्ट्रीय मुक्त विद्यालयाच्या अ, ब, क या पातळ्या तिसरी, पाचवी आणि आठवीशी जुळतात. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाने 1989 पासून कामकरी माणसांना उच्च शिक्षणाचे दार उघडले. अडचण आहे ती या पायऱ्या एकमेकींना जोडलेल्या नसण्याची. साक्षरतेची परीक्षा झाली की वर्ग बंद होतो, स्वयंसेवक आपापल्या कामाला लागतो आणि पाचवीचा अर्ज कुणी भरून घेत नाही.

केरळने हे जोडकाम करून दाखवले. तिथल्या साक्षरता मिशनने चौथी, सातवी, दहावी, बारावी अशा समतुल्यता परीक्षांची सलग रांग लावली. 2018 मध्ये अलप्पुळा जिल्ह्यातल्या 96 वर्षांच्या कार्त्यायनी अम्मांनी साक्षरतेच्या परीक्षेत 100 पैकी 98 गुण मिळवले, तेव्हा देशभर कौतुक झाले. पण खरी गोष्ट त्यांच्याहून तरुण माणसांची आहे: तिथली दहावी समतुल्यता सरकारी नोकरभरतीलाही चालते, म्हणून लोक तिच्यासाठी अभ्यास करतात. फ्रान्स तर 2002 च्या कायद्याने आणखी पुढे गेला. नोकरीतल्या अनुभवाची रीतसर तपासणी करून तिथे पूर्ण पदविकाही देता येते.

अनुभवाचे म्हणाल, तर तो रत्नागिरीत ढिगाने आहे. मिरकरवाड्याच्या जेटीवरचा तांडेल, हापूसची कलमे बांधणारा गडी, काजू कारखान्यात अख्खा गर काढणारी बाई. पूर्वअनुभवाला मान्यता देणारी चाचणी 2015 पासून देशाच्या कौशल्य योजनेत आहे; 2023 च्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यात शाळा, प्रशिक्षण आणि अनुभव तिन्हींचे श्रेयांक एकत्र जमा करण्याची सोय आहे. कागदावर सगळे झकास आहे. मात्र यातले किती गड्यांपर्यंत पोचले, हे बागायतदारालाच विचारून पाहावे.

आक्षेपही ऐकायला हवा. अशी प्रमाणपत्रे सैल हाताने वाटली तर शाळेत वर्षे काढलेल्यांवर अन्याय होईल, असे काही शिक्षक म्हणतात, आणि ते चूक नाहीत. त्यावर उपाय म्हणजे परीक्षा कडक करणे; उमेदवाराला खिडकीवरूनच परतवणे हा उपाय नव्हे. उलट, अट अनावश्यक असेल तर ती काढताही येते. व्यावसायिक वाहन परवान्यासाठी आठवी उत्तीर्ण असण्याची अट केंद्राने 2019 मध्ये रद्द केली. गाडी चालवण्याची कसोटी तेवढी ठेवली.

दहावीच्या निकालात कोकण विभागीय मंडळ राज्यात पहिले असते: 2024 मध्ये 99.01 टक्के, 2025 मध्ये 98.82. या मंडळाचे कार्यालय रत्नागिरीतच आहे. आणि 2011 च्या जनगणनेत याच जिल्ह्याची साक्षरता सुमारे 82 टक्के होती, स्त्रियांची त्याहून बरीच कमी. पुरुष मुंबईला गेले, शेतीवाडी बायकांनी ओढली आणि पाटी राहून गेली. ज्या जिल्ह्यात मुले इतकी चांगली पास होतात, तिथे त्यांच्या आज्यांची पाचवी करून घेणे मास्तरांना जड जाऊ नये.

‘उल्लास’ची ठरलेली मुदत 2027 मध्ये संपते. त्याआधी जिल्हा परिषदेने एवढे करावे: साक्षरतेच्या परीक्षेत उत्तीर्ण झालेल्या प्रत्येकाचा मुक्त मंडळाच्या पाचवीचा अर्ज त्याच शाळेत, निकालाच्याच दिवशी भरून घ्यावा, कोणत्या कामाला कोणते प्रमाणपत्र चालते याचा तक्ता प्रत्येक ग्रामपंचायतीत लावावा, आणि शाळेत कधीच न गेलेल्यांसाठी शाळा सोडल्याच्या दाखल्याऐवजी काय चालेल, ते विभागीय मंडळाकडून लेखी मिळवावे. पुढच्या मार्चच्या परीक्षेला अजून अवधी आहे.