हातमोज्यातील कळफलक

गेल्या हिवाळ्यात लखनौमधील एका शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात मी परीक्षक होतो. नववीतील एका मुलीने जुन्या लोकरी हातमोज्याच्या बोटांना चॉकलेटची चांदी आणि तारा शिवल्या होत्या. अंगठा बोटाला टेकला की विद्युतमंडल पूर्ण होई आणि पडद्यावर अक्षर उमटे. मनगटावरील छोटी आर्डुइनो पाटी संगणकाला स्वतःची ओळख कळफलक म्हणून करून देत होती. आम्ही हसलो, कौतुक केले आणि बक्षीस जलशुद्धीकरणाच्या प्रतिकृतीला दिले.

आवराआवर चालू असताना शाळेतील लिपिक तेथे आले. पक्षाघाताने त्यांचा उजवा हात निकामी झाला आहे. डाव्या हातात तो मोजा चढवून त्यांनी विचारले, ‘‘बेटी, यात सगळी अक्षरे बसतील?’’ आम्हा परीक्षकांपैकी कोणालाही हा प्रश्न सुचला नव्हता.

असल्या खटाटोपांना आपल्याकडे ‘खेळ’ म्हणून बाजूला सारले जाते. पालनपूरच्या प्रणव मिस्त्री यांनी माउस उघडून, त्यातील रोलर काढून हाताच्या हालचाली टिपणारे उपकरण केले, तोही खेळच होता. पुढे बोटांवर मार्करची रंगीत टोपणे घालून त्यांनी ‘सिक्स्थ सेन्स’ घडवले आणि 2009 मध्ये मैसूरच्या व्यासपीठावरून जगापुढे मांडले. मात्र त्या टाळ्यांत आपण यशाचे कौतुक केले, खेळाचे नाही.

प्रचलित कळफलक दोन हात आणि दहा बोटे गृहीत धरतो. 2011 च्या जनगणनेनुसार देशात 2.68 कोटी दिव्यांग आहेत. त्यांतील अनेकांसाठी हे गृहीतक म्हणजे बंद दरवाजाच. 2016 च्या कायद्याने सुगम्यतेचा हक्क दिला, त्याच वर्षी अटल टिंकरिंग प्रयोगशाळांची योजनाही आली. 2025 च्या अर्थसंकल्पात पाच वर्षांत सरकारी शाळांत अशा आणखी 50,000 प्रयोगशाळांची घोषणा झाली. कायदा आणि प्रयोगशाळा यांची गाठ मात्र कोणी घालायची?

माझी सूचना साधी आहे. प्रत्येक प्रयोगशाळेने वर्षातून एकदा परिसरातील एका दिव्यांग व्यक्तीला पाहुणा म्हणून नव्हे, तर परीक्षक म्हणून बोलवावे. उपकरण चमकते किती, यापेक्षा ते त्या व्यक्तीच्या हाती किती दिवस टिकते, यावर गुण द्यावेत.

त्या दिवशी मी दिलेले गुण आता बदलता येणार नाहीत. निकष तरी बदलता येतील.