चेटकीण ठरवली कुणी?

‘रागिणी एमएमएस’ हा चित्रपट मे २०११ मध्ये पडद्यावर आला, तेव्हा सुसंस्कृत घरांनी तो नाव ऐकूनच निकालात काढला. निकाल सोयीचा होता. नावातच बाजारूपणाची दवंडी असलेल्या चित्रावर विचार करण्याचे श्रम कोण घेणार? परंतु या चित्रपटावर ठेवायचा खरा आरोप अश्लीलतेहून गंभीर आहे, आणि तो वऱ्हाडातून ठेवला जाणे अगत्याचे आहे.

आधी त्याचे श्रेय त्याला दिले पाहिजे. ‘कुणाचे तरी खरेखुरे चित्रण हाती लागले आहे’ असा आव आणणारी भयपटांची एक जात आहे. तिला ‘फाउंड फुटेज’ म्हणतात. १९९९ च्या ‘द ब्लेअर विच प्रोजेक्ट’ने जंगलात हरवलेल्या तीन तरुणांची चित्रफीत म्हणून स्वतःला विकले आणि नगण्य भांडवलावर जगभर अमाप पैसा केला. ओरेन पेली या दिग्दर्शकाने स्वतःच्याच घरात सुमारे पंधरा हजार डॉलरमध्ये ‘पॅरानॉर्मल ॲक्टिव्हिटी’ चित्रित केला. स्थिर कॅमेरा, पार्श्वसंगीताचा अभाव आणि कोपऱ्यात सरकणारे घड्याळाचे आकडे, एवढ्यावर त्याने प्रेक्षकांची झोप उडवली. एकता कपूर यांची निर्मिती आणि पवन कृपलानी यांचे दिग्दर्शन असलेला ‘रागिणी एमएमएस’ याच वाटेने गेला.

मात्र त्याने उसनवारीत स्वतःची अक्कल मिसळली होती, हे मान्य केले पाहिजे. या जातीच्या चित्रपटांना एक प्रश्न नेहमी अडवतो: जीव मुठीत धरून पळणारा माणूस हातातला कॅमेरा टाकून का देत नाही? येथे उत्तर तयार आहे. उदय नावाचा तरुण प्रेयसीला मुंबईबाहेरच्या एकाकी घरी नेतो आणि तिच्या नकळत तिचे चित्रण करण्याचा त्याचा बेत असतो. घरात चोरकॅमेरे आधीच बसवलेले आहेत. ते कुणी धरण्याची गरजच नाही. म्हणजे ज्या छिद्रातून प्रेक्षक पाहतो, ते छिद्र एका विश्वासघातक्याने पाडलेले आहे. तिकीट काढून बसलेला सभ्य गृहस्थ नकळत त्याचा साथीदार होतो. स्त्रीचे खासगी क्षण चोरून पाहण्या-टिपण्यासाठी तेव्हा भारतीय दंड संहितेत स्वतंत्र कलमही नव्हते. ते २०१३ च्या दुरुस्तीने आले. राजकुमार राव (तेव्हा राजकुमार यादव) यांनी तो उदय असा रंगवला की त्याची किळसही येते आणि तो ओळखीचाही वाटतो. उत्तरार्धात पळापळ सुरू झाल्यावर मांडणीचे पथ्य सैल होते. तो दोष किरकोळ समजावा. चोर पकडून द्यायचा आणि चोरीचा माल मात्र आपल्याच दुकानाच्या फळीवर मांडायचा, हा दोष किरकोळ नाही. नावातला ‘एमएमएस’ दुसरे काय आहे?

आता त्या घरातील भुताकडे वळावे. ते एका मराठी स्त्रीचे आहे. आपण चेटकीण नाही, आपण आपली लेकरे मारलेली नाहीत, असे ती मराठीतून सांगत राहते. मराठी भूमीवर पोसलेली हिंदी चित्रसृष्टी मराठी बोलणाऱ्याला मोलकरीण नाहीतर हवालदार करते, ही तक्रार जुनीच; त्यात या भुताची भर पडली. पण भाषेचा अपमान बाजूला ठेवला तरी प्रश्न उरतो. ती बाई काय म्हणते आहे, हे चित्रपटात ऐकतो कोण? तिला चेटकीण ठरवली कुणी? या चित्रपटाला सत्यघटनेचा आधार असल्याची जाहिरात झाली, तीही त्या तरुणीच्या चित्रफितीच्या जोरावर. उभ्या चित्रपटात वास्तवाला सर्वांत जवळचे असलेले ते एक वाक्य मात्र केवळ किंकाळी म्हणून खर्ची पडले.

वास्तवाला जवळचे का, हे वऱ्हाडाने सांगायचे. चित्रपट-वितरणाच्या बोलीत विदर्भ अजून ‘सीपी-बेरार’च आहे आणि अमरावती ही त्या व्यवसायाची जुनी पेठ. त्याच अमरावतीहून परतवाड्यामार्गे घाट चढला की मेळघाट लागतो. तेथे चिखलदरा तालुक्यातील एका गावात डिसेंबर २०२४ च्या अखेरीस ७७ वर्षांच्या वृद्धेवर जादूटोण्याचा आळ घेण्यात आला. तिला मारहाण झाली, मूत्र पाजण्यात आले, चपलांचा हार घालून तिची धिंड काढण्यात आली. आपण चेटकीण नाही, हे तिनेही सांगितलेच असेल. तेथे पार्श्वसंगीत नव्हते आणि घाबरून आनंद घेणारा प्रेक्षकही नव्हता.

घाटाखालच्या अकोल्या-अमरावतीत अशी बातमी ‘डोंगरातले अज्ञान’ म्हणून वाचून घडी घातली जाते. करणीच्या संशयावरून भावकीत अबोला धरणारी पक्क्या स्लॅबची घरे या शहरांत नाहीत काय? अंगात येणे, नवसाची बळी-बोकडे यांवर आयुष्यभर कीर्तनातून कोरडे ओढणारे गाडगेबाबा याच जिल्ह्यातील शेंडगावचे. अमरावतीच्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे. जादूटोणा प्रतिबंधक अधिनियम २०१३ पासून लागू आहे, त्यात सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. पाटीवर नाव आहे, पुस्तकात कायदा आहे, आणि गावात धिंड आहे.

‘हा करमणुकीचा धंदा, त्यावर समाजसुधारणेचे ओझे कशाला?’ असे निर्मात्यांचे पक्षकार विचारतील. रामसे बंधूंच्या चित्रांबाबत हा युक्तिवाद चालला असता. तेथला रबरी मुखवट्याचा राक्षस आपण खरे असल्याचा दावा करत नव्हता. पोरेसोरेही हसत घरी जात. ‘फाउंड फुटेज’चा सगळा डोलारा मात्र ‘हे घडले आहे’ या एका ग्वाहीवर उभा असतो. संगीत काढून टाकायचे, कॅमेरा भिंतीला डकवायचा, पडदा धूसर करायचा, हे सारे ती ग्वाही पटावी म्हणूनच. सत्याची शपथ घेऊन साक्षीला उभे राहायचे आणि आळ आलेल्या बाईलाच मानेवर बसणारे भूत करून सोडायचे, ही खोटी साक्ष होते. तिच्यावर आळ घेणारे गावकरी कोण, तिची लेकरे कशाने गेली, याचा शोध या चित्रपटाने घेतला असता, तर त्याचे भय दुप्पट झाले असते. भिंतीवरचे कॅमेरे तेच राहिले असते, घरही तेच.

संस्कृतिरक्षणाची भाषा बोलणाऱ्यांनाही येथे मोकळे सोडता येत नाही. तोकड्या वस्त्रांवर त्यांचा रोष उसळतो. ‘चेटकीण’ या शब्दावर एक भुवई उंचावल्याचे स्मरत नाही.

मार्च २०१४ मध्ये या चित्रपटाचा दुसरा भाग आला. चोरकॅमेऱ्याची ती कडक मांडणी बहुतांशी सोडून देण्यात आली, सनी लिओनी नायिका झाल्या आणि गाजले ते एक गाणे. २०१७ मध्ये त्याच नावाची मालिका भ्रमणध्वनीच्या पडद्यावर अवतरली. पहिल्या चित्रपटाची खरी कमाई होती ती मांडणी आणि त्या बाईचे म्हणणे. विक्रीला टिकले ते ‘रागिणी’ आणि ‘एमएमएस’ हे दोन शब्द.